बाबांचा लांबकान्या

अरे, आमच्या बाबांनी गेम खेळला, ते सांगितलं का तुम्हाला? शुक्रवार होता, कामतघरचे कापड विणायचे लूम बंद. मी जादूच्या गेममध्ये नवीन कॅरेक्टर बनवत होतो. म्हटलं, बाबांनाच विचारू. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून त्यांना आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून ओठ दिसतील असं तोंडासमोर जाऊन विचारलं, "योद्धा करू की जादूगार?"

"कायपण कर. कान तेवढे मोठे ठेव."

मी कान वाढवत गेलो, ते "अजून, अजून" करत राहिले. शेवटी कान पार डोक्याच्या वर गेले.

गेम सुरू झाला. धुक्यातलं जंगल, झरा खळखळतोय, पाखरं बोलतायत आणि मधोमध आमचा लांबकान्या उभा. मी त्याला पळवायला गेलो, तर बाबांनी माझा हात धरला.

"थांब रे. ऐकू दे त्याला."