कापसाच्या रुळावरचा डाग

"हॅलो?... हॅलो, कोण बोलतंय?... अक्का? अगं, मला वाटलं आप्पाजीच असतील... हो, मीच, रत्ना. स्वल्प मोठ्यानं बोल, रस्त्यावर बस उभी राहिलीय... हं. आता येतंय ऐकू."

रत्नाबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. एकसष्ट साली चामराजपेटेच्या त्या गल्लीत फोन एकच होता, कस्तुराबाईंच्या दिवाणखान्यात. कुणाचा फोन आला की कस्तुराबाई खिडकीतून अशी हाक घालत, की ज्याचा फोन त्याच्याआधी बातमी सगळ्या गल्लीला पोचे. आज हाक आली ती खंडोजीच्या नावानं, साडूच्या घरून फोन आहे म्हणून. खंडोजी होता तसा धावला. पण हात वंगणानं बरबटलेले, म्हणून फोन घेतला त्याच्या बायकोनं, आणि तो समोरच्या बाकावर निकाल ऐकायला बसावं तसा बसून राहिला. मागच्या दारी नळाला पाणी आलं होतं, त्यामुळे कस्तुराबाईंना मन मारून तिकडं जावं लागलं होतं.

"अंघोळीला गेलेत होय आप्पाजी?... म्हणजे चोरून करतेस फोन... हो, हे इथंच आहेत. समोर बसलेत... सरी, सरी, बरं. नाही सांगत. तू बोल, मी नुसतं हं हं करते."

आप्पाजी म्हणजे या अक्काचा, अंबूबाईचा नवरा, चिकपेटेतला रेशमी साड्यांचा व्यापारी. खंडोजीनं केलेल्या यंत्रावर विश्वास टाकणारा तो पहिला माणूस, आणि अजूनपर्यंतचा एकटाच. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरून त्यानं साड्यांचा मोठा गठ्ठा खंडोजीकडं चकाकी द्यायला धाडला होता. तो गठ्ठा परवा परत गेला, आणि तेव्हापासून खंडोजीच्या घरी जेवण कुणालाच गोड लागत नव्हतं.

"हं... हं... सगळ्याच साड्यांवर?... हो ना. रुपयाएवढा चकचकीत डाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हाताहाताच्या अंतरावर... मला कसं माहीत म्हणजे? तूच म्हणालीस ना आत्ता... नाही म्हणालीस? मग ह्यांच्याकडून ऐकलं असेल, अक्का. घरात दुसरा विषय आहे का?"

तिनं जीभ चावली. खंडोजीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. डाग एका हाताच्या अंतरावर पडतो, कारण रुळाचा एक फेरा एका हाताचा, हे त्यानं तिला बोटानं मापून दाखवलं होतं. रुळावर कुठंतरी एकच जागा बिघडली आहे आणि ती दर फेऱ्याला साडीवर आपली सही करते आहे, असं तो म्हणाला होता. ती जागा कुठली आणि का बिघडली, हे त्याला ठाऊक नव्हतं. रत्नाबाईला ठाऊक होतं.

खंडोजीचे वडील कुंदी करायचे. कापड पाटावर पसरायचं आणि लाकडी मोगरीनं कुटून कुटून त्याला मऊपणा नि चकाकी आणायची, हा त्या घराचा पिढ्यांचा धंदा. खंडोजी मात्र गिरणीत फिटर झाला. तिथली खोलीएवढी यंत्रं बघून त्याच्या डोक्यात किडा शिरला, की रेशमाला सोसेल असं लहान यंत्र आपण करायचं. साडीच्या काठाची जर मोडायची नाही, कुटाकुटी नाही, साडी इकडून घालायची आणि तिकडून काढायची. त्यासाठी नोकरी सोडली. सासरची माणसं बोलायची ते बोलली. वर तापवलेला पोलादी रूळ आणि खाली कापसाचा रूळ, असं ते यंत्र. कापसाच्या चकत्या लोखंडी दांड्यावर ओवून, दाबून दाबून दगडासारख्या केलेल्या. त्या दोन रुळांमधून दसऱ्याआधी पहिल्या साड्या निघाल्या त्या इतक्या सुरेख, की आप्पाजीनं लगेच गठ्ठा बांधायला घेतला आणि अक्कानं त्यातली एक साडी स्वतःसाठी काढून ठेवली.

"ती निळी ना?... हो, ती चांगलीच निघाली होती... तेच म्हणतात का आप्पाजी? काय म्हणतात, नीट सांग... हं... 'खंडोजीला हात आहेत पण धीर नाही.' असं म्हणाले?... नाही अक्का, मी रडत नाहीये, सर्दी झालीय. बोल तू."

अक्का बोलत राहिली. आप्पाजी रागावलाय त्याहून हिरमुसलाय, असं तिचं म्हणणं होतं. दुकानात गिऱ्हाइकानं साडी उजेडात धरली आणि डाग दाखवला, तेव्हा चार माणसांत त्याला खाली बघावं लागलं. आता पुन्हा एक साडी त्या यंत्राकडं द्यायची नाही, असं त्यानं ठरवलंय. आणि खंडोजीनं ते यंत्र मोडीत काढायचं ठरवलंय असं कानावर आलं, ते खरं का?

"खरं आहे... आजच. दुपारी ओतकामवाल्याची गाडी येतेय न्यायला. लोखंड वितळवतील... हो, गिरणीत बोलणं झालंय त्यांचं. जुनी जागा देतो म्हणालेत... मी काय म्हणणार, अक्का? मला कोण विचारतंय?"

हे मात्र साफ खोटं होतं. खंडोजीनं तिलाच विचारलं होतं, आणि ती तुम्ही म्हणाल तसं, एवढंच म्हणाली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, खंडेनवमीची गोष्ट. सकाळी बाहेर पडताना खंडोजीनं बजावलं होतं, की बापाच्या मोगऱ्यांची पूजा मनासारखी कर, पण यंत्राला दुरूनच फूल वाहा. कापसाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. एवढं सांगून तो गिरणीतल्या मित्रांकडं आयुधपूजेला गेला. रत्नाबाई दारात उभी राहिली तर रस्त्यावरून जाणाऱ्या बसला केळीचे खुंट बांधलेले, समोरच्या लेथला भस्माचे पट्टे, शिंप्याच्या कात्रीलाही कुंकू. आपलंच एक यंत्र पांढऱ्या कपाळाचं. तिला ते बघवेना. नवऱ्यानं सगळं आयुष्य त्यात ओतलेलं, आणि त्याला साधं कुंकू नाही, म्हणजे उद्या बरंवाईट झालं तर? तिनं लोखंडी चौकटीला हळद-कुंकू लावलं. तिथवर सगळं ठीक होतं. मग तिनं चौकटीच्या कडेवर नारळ वाढवला, आणि तो असा फुटला की निम्मं पाणी कापसाच्या रुळावर. पदरानं टिपलं, फुंकर घातली, पंख्यानं वारा घातला. संध्याकाळपर्यंत सुकलं, डोळ्याला काही दिसेना. तिनं देवाचे आभार मानले, ते जरा लवकरच मानले.

"हं... काय म्हणालीस?... नाही, ऐकतेय मी."

अक्कानं आता नेमकं तेच विचारलं होतं. दसऱ्याआधीच्या साड्या चांगल्या, दसऱ्यानंतरच्या डागाळलेल्या. यंत्र तेच, माणूस तोच. मग मध्ये काय झालं?

"मध्ये?... मध्ये काय होणार, अक्का. मध्ये दसरा झाला."

बाकावर खंडोजीची हालचाल थांबली. तो इतका वेळ अंगठ्यानं दुसऱ्या हातावरचं वंगण खरवडत होता.

"नाही, मी असंच म्हटलं... हॅलो?... काय ग, अशी कुजबुजतेस काय? आले का बाहेर?... अक्का? हॅलो?... अक्का..."

पलीकडं खट् झालं. आप्पाजीची अंघोळ संपली होती. रिसीव्हरमधून आता नुसती लांबलचक गुरगुर येत होती.

रत्नाबाईनं तो खाली ठेवायला हवा होता. समोर नवरा बसला होता. दुपारी गाडी यायची होती. घरी गेल्यावर त्याच्या तोंडाकडं बघून आपल्याला एक शब्द बोलता येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. इतके दिवस येत नव्हता, तो आज कुठून येणार? तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"हो, हो... अगं ऐक ना, अक्का. ठेवू नकोस. मला सांगायचंय तुला... नाही, ह्यांच्यासमोर चालेल. ह्यांचं लक्ष नाही."

मध्ये थोडं थांबली. अक्काला बोलायला जागा ठेवावी, तशी.

"मी नारळ फोडला, अक्का. खंडेनवमीला. हे नको म्हणाले होते, थेंब लागता कामा नये म्हणाले होते, तरी फोडला. पाणी कापसावर उडालं... हो, त्याच जागी. मी पुसलं, पण ती जागा फुगली असणार. डाग त्याचाच आहे... का म्हणजे? मला भीती वाटली म्हणून. सगळ्यांच्या यंत्रांना कुंकू आणि ह्यांच्या नाही. ह्यांच्या बऱ्यासाठीच केलं, पण ते जाऊ दे, ते सांगून काय उपयोग."

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"पहिल्या साडीवर डाग दिसला ना, तेव्हाच सांगणार होते. पण हे लगेच म्हणाले, पोलादी रूळ घासताना माझीच चूक झाली. इतक्या खात्रीनं म्हणाले, अक्का, की मी गप्प बसले. म्हटलं, उद्या सांगू. मग दर दिवशी उद्या. हे पोलादी रूळ उतरवायचे, घासायचे, पुन्हा चढवायचे, दिव्याच्या उजेडात डाग गेला असं वाटायचं, की पुढची साडी घालायचे. मी शेजारी बसून कॉफी द्यायची... हं... हो, द्यायचे कॉफी. काय करणार होते दुसरं? आणि आता गाडी येतेय. यंत्रात काही दोष नाहीये, अक्का. ह्यांच्यात तर नाहीच नाही. सगळा माझा आहे."

कानात गुरगुर चालूच होती. मागं बाक वाजला, पावलं आली, आणि वंगणाचा वास अगदी जवळ आला. खंडोजीनं तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि आपल्या कानाला लावला.

रत्नाबाईनं डोळे मिटले. ती गुरगुर आता तिला त्याच्या कानापासूनही ऐकू येत होती, म्हणजे त्याला तर येतच होती. पलीकडं कुणी नाही हे त्याला कळलं होतं. तरी खंडोजीनं तोंड रिसीव्हरशी नेलं. मग बोलला.

"हॅलो, अक्का. मी खंडोजी... हो. ऐकलं सगळं... नाही, रागावलो नाही असं कसं म्हणू? रागावलोय."

तोही थांबला, अक्काला जागा ठेवून.

"नारळाचं एवढं काही नाही. एकच जागा भिजली म्हणून ती फुगली; आता सगळा रूळ सारखा हलका ओला करायचा आणि भाराखाली फिरवत ठेवायचा. कापूस पुन्हा सारखा बसतो. साड्या वाफेवर धरून परत काढता येतील. आप्पाजींना मी येऊन सांगतो, यंत्र धड आहे म्हणून. कुणामुळं झालं ते नाही सांगणार... गाडी? गाडी परत पाठवतो."

रत्नाबाईच्या गळ्यातून हुंदका बाहेर पडला. तिला वाटलं, संपलं. पण त्यानं रिसीव्हर ठेवला नव्हता.

"पण अक्का, तिला एक विचारा माझ्या वतीनं. मागच्या आठवड्यात मी कानस खाली ठेवली आणि तिला म्हटलं, अगं, माझे हात गेले का? बापाचे हात शेवटी थरथरायचे, तसे माझे आत्ताच गेले का? ती म्हणाली, झोपा आता. त्या वेळी तिला सगळं माहीत होतं, अक्का. यंत्राचं नाही विचारत मी. तेव्हा ती का बोलली नाही, एवढंच विचारा."

त्यानं रिसीव्हर पुढं केला. रागानं नाही, अगदी हळू, तिच्या कानाशी नेऊन धरला, आणि स्वतः तिथंच उभा राहिला.

मागच्या दारी कस्तुराबाईंची घागर भरून वाहायला लागली होती. रत्नाबाईनं रिसीव्हर धरला. काहीतरी सोईचं सांगता आलं असतं. तुमची झोप व्हावी म्हणून, तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून. दोन्ही कारणं जिभेवर आली आणि दोन्ही तिनं गिळली.

"हॅलो... हो, अक्का. ऐकलं मी. सांग त्यांना." तिनं रिसीव्हर तोंडाजवळ घेतला.

"सांग की, मला माझं भलेपण सोडवलं नाही. यंत्र गेलं तर गेलं, ह्यांना स्वतःची लाज वाटली तर वाटली, पण ह्यांच्या नजरेत मी चांगली राहायला हवी होते. म्हणून नाही बोलले... नाही, दुसरं कारण नाही. एवढंच होतं... हो. ठेवते मी."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवल्यावरही हात त्यावरून काढायला तिला धीर होईना, कारण हात काढला की मागं वळून त्याच्याकडं बघावं लागणार होतं.