केस कापायचे पैसे

(आईचं केस कापायचं दुकान, सुट्टीचा दिवस. आई कंगवे-ब्रश धुतेय, बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीचे स्क्रू आवळतायत, शाळकरी मुलगी स्टुलावर बसलीय.)

बाबा : ...म्हणजे दर महिन्याला तुला पैसे द्यायचे, त्यातून बसभाडं तुझं, मोबाइलचं रिचार्ज तुझं, मैत्रिणींचे वाढदिवस तुझे. वह्या-पुस्तकं, चपला, डॉक्टर आमच्याकडे. ठरलं?

मुलगी : चपला फाटल्या तर तुमच्याकडे. हरवल्या तर माझ्याकडे.

बाबा : बघ गं, वकीलच जन्माला घातलीस.

आई : वा! गुण दिसले की तुमच्या घराण्याचे, आणि वकिली तेवढी माझी? ती खुर्ची बघा आधी. काल एक बाई बसल्या बसल्या डोलत होत्या.

मुलगी : बाबा, अजून एक राहिलं.

बाबा : बोला, वकीलसाहेब.

मुलगी : केस कापायचे पैसे. तेही महिन्याच्या पैशांत धरा.

बाबा : कुणाचे केस?

मुलगी : माझे.

बाबा : अगं, तू बसलीयस कुठे? समोर आरसा, शेजारी आई, आईच्या हाताशी कात्र्याच कात्र्या!

आई : थांबा हो. कुठे कापायचेत गं केस?

मुलगी : ते मी ठरवीन.

आई : कोपऱ्यावरच्या त्या काचवाल्या दुकानात ना? जा की. तिथे एसी आहे, कॉफी देतात. आईकडे काय, डुगडुगती खुर्ची.

मुलगी : मी असं म्हटलं का?

आई : उद्या कुणी विचारलं, ‘तुमची लेक कुठे कापते केस?’ तर काय तोंड दाखवू मी? ह्या दोन हातांवर दुकान उभं केलं, आणि पोटच्या पोरीला तेच हात नकोसे झाले!

बाबा : अगं, ती काय म्हणतेय ते तरी ऐकशील का?

मुलगी : हात नाही गं नकोसे. पण काहीही नवीन आलं की पहिलं माझ्या डोक्यावर! ती कपाळावरची झालर आठव. व्हिडिओ बघितलास आणि मला बसवलंस. एका बाजूने भुवईच्या वर गेली, दुसऱ्या बाजूने डोळ्यांत. वर म्हणालीस, ‘हां, आता कळलं कुठे चुकतं ते.’ आणि मग त्या बँकेतल्या बाईंची झालर एकदम झकास झाली.

आई : अजून नाव काढतात त्या.

मुलगी : हो, आणि मला वर्गात ‘कलतं छप्पर’ म्हणतात.

बाबा : कलतं...

मुलगी : बाबा, हसू नका!

बाबा : कुठे हसतोय? ठसका लागला.

आई : मला कधी बोलली नाहीस ते.

मुलगी : बोलले होते. तू म्हणालीस, केसच ते, पुन्हा येतील.

आई : मग आले नाहीत का?

मुलगी : आले. पण ते येईपर्यंत शाळेत मी जात होते, आई. तू नाही.

आई : अगं, पण मी शिकू कुणाच्या डोक्यावर? गिऱ्हाइकाचं चुकलं तर ते परत पायरी चढत नाही. तू घरची. तू कुठे जाणारेस, असं वाटायचं.

मुलगी : वाटायचं ना? म्हणूनच पैसे हवेत मला.

आई : जा मग. द्या हो तिला. माझं काही म्हणणं नाही.

मुलगी : रडतेस कशाला?

आई : रडत नाहीये. साबण गेला डोळ्यात.

मुलगी : आई, मला त्या काचवाल्यांकडे जायचंच नाहीये. मला इथेच यायचंय.

बाबा : आता मात्र माझं डोकं चालेना. इथे यायला पैसे कशाला?

मुलगी : कारण पैसे देतं त्याला आई विचारते. ‘ताई, किती ठेवू? इथपर्यंत चालेल? अजून थोडे घेऊ?’ कात्री लावायच्या आधी दहादा विचारते. मला मान धरून नुसतं ‘हलू नकोस’. मी पण पैसे देईन, नंबर लावीन. मग मलाही विचारशील ना गं?

बाबा : अगं चिमे...

आई : तुम्ही जरा गप्प बसा. आणि सरका तिथून. चिमे, ये इकडे. खुर्चीवर बस.

मुलगी : आत्ता? अजून माझे पैसे कुठे सुरू झालेत?

आई : पहिल्या महिन्याचे मिळाले की दे. पण पुरते घेईन हं, घरची म्हणून सूट नाही.

मुलगी : नकोच सूट.

आई : केस ओले करते हं आधी. गार लागेल पाणी, चालेल?

मुलगी : चालेल.

आई : बोला ताई. किती ठेवू?

मुलगी : इथपर्यंत... नाही, इथपर्यंत...

आई : काय झालं गं?

मुलगी : माहीत नाही. मी कधी ठरवलंच नाहीये.

आई : मग ठरव निवांत. मी कात्री खाली ठेवते.