गॅसजवळचा बोर्ड

नाही नाही, त्या बोर्डाला हात नका लावू, मॅडम — लेबलाचा गोंद अजून ओला आहे. लेबल? ते आपलं... सकाळीच लावलंय यांनी. बसा ना. हे आत शर्ट बदलतायत, तुम्ही तपासायला येणार म्हणून तिसरा. मी यांची बायको. हो हो, मौन आहे माझं, पण ते फक्त यांच्यापुरतं — देवाला शब्दच तसा दिलाय, तुमची तपासणी पार पडेपर्यंत यांच्याशी अवाक्षर नाही. यांनीच सुचवलं. म्हणाले, नवस करायचाच तर या खेपेला मौनाचा कर. किती विश्वास बघा माझ्या नवसांवर!

हसू नका, वेळच तशी आली होती. दवाखान्यातल्या तुमच्या यंत्राला आम्ही बोर्ड पुरवतो, आणि त्यातली मेमरी चिपच कंपनीने बंद केली. कळवलं होतं हो त्यांनी, शेवटची काय ती मागणी नोंदवा म्हणून — पण हे म्हणाले, इतकी गुणी चिप कोण बंद करतं? केली! मग नवी आणली, दुप्पट वेगाची. वेग वाढला तर बरंच की, असं मलाही वाटलं. कुठलं काय! जुनी बिचारी सोशिक होती, एखादा संदेश जरा मागेपुढे पोचला तरी सांभाळून घ्यायची. नवीचं तसं नाही — ठोका पडला की सगळे एकदम हजर हवेत, एक जण रेंगाळला की बिनसलं. बोर्ड गार असेतो चालायचा, तापला की लाल दिवा. मग यांनी बोर्डावरच्या, संदेश धावतात त्या तांब्याच्या रेघा नव्याने आखल्या, जवळच्या होत्या त्यांना मुद्दाम नागमोडी वळणं दिली, म्हणजे सगळ्यांची वाट सारखी. मला लगेच पटलं. आमच्या सासूबाई लग्नाला निघताना हेच करायच्या — जवळ राहणाऱ्या नणंदेला सांगायच्या, तू मोठ्या रस्त्याने वळसा घालून ये, सगळे मिळून आत जाऊ. नाहीतर ती आधी पोचून पुढची खुर्ची धरायची!

पण तोवर यांचा धीरच सुटला. नवा बोर्ड नुसता चालू करून बघेनात. तुमचं काम गेलं तर हे दुकान गुंडाळायचं आणि धाकट्या भावाच्या हाताखाली नोकरी — तो अजून यांना चारचौघांत 'काय शास्त्रज्ञ' म्हणतो. म्हणून मग जुनी चिप असलेल्या जुन्याच बोर्डावर नवं —

जुन्याच... काय म्हणाले मी? पाणी देऊ तुम्हाला?

अहो, उठू नका, मॅडम! ऐकून तरी घ्या. तो खरा नवा बोर्ड यांनी माझ्या हातात दिला, अडगळीत टाक म्हणाले. मी नाही टाकला. वायर जोडली आणि गॅसजवळ ठेवला — तापण्यालाच भितो ना हा? मग बघू दे एकदा. दिवसभर स्वतःलाच तपासत बसतो, चुकला की लाल दिवा लावतो, एवढं मला यांचं बघून ठाऊक. दोन्ही वेळा शेगडी पेटते, पण आठवडा झाला, दिवा हिरवाच! एकदाही लाल नाही. यांना सांगणार कसं? मौन! लिहून दाखवणं म्हणजे बोलणंच झालं, आणि एका घरात लबाड्या तरी किती करायच्या? हाताला धरून आत नेलं, गॅसकडे बोट दाखवलं — तर सिलिंडर आणून ठेवला. पुन्हा दाखवलं, तर दुसरा! या, जपून, पाय ठेवायला जागा नाही. दिसला? याला खुशाल हात लावा, याला लेबलच नाही. तुमची पेटी उघडा, काय मोजायचं ते मोजा.

आले वाटतं. आता मी गप्प. तुमचं झालं की मोठ्याने तेवढं म्हणा, तपासणी झाली. पास-नापास सावकाश ठरवा हो — मला आधी यांच्याशी बोलायचंय.