येळवशीची भिंत

अंबिका : वरून खाली ये मावशी, वरून खाली! खालचं आधी रंगवलंस तर वरचे ओघळ त्याच्यावरच येतील.

उमादेवी : हाव की गं. माझा रांगोळीचा हात, रांगोळीला कुठं ओघळ असतात? पण अंबे, आभाळ बघ कसं बसलंय निळंशार! लातूरला तू एवढ्या भिंती रंगवल्यास, तुलाबी पयल्या दिवशी असंच हुतं का? ब्रश खाली ठेवूच वाटंना.

अंबिका : अजून होतं. आणि आपण भिंत घासली, अस्तर मारून वाळू दिलं, म्हणून रंग बसतोय. आता पाणी ओतू नकोस त्यात. दोन-तीन पावसाळे टिकायला पाहिजे हे.

उमादेवी : पावसाळे कुठले, उद्याची सकाळ टिकू दे! तुझ्या काकांनी पिंपात चुना भिजत घातला अन् मगच रानाकडं गेले. म्हणाले, आडत दुकानाची भिंत हाय, लोकं हसली तर सकाळी चुना मारणार. बोलले तसं करतात ते.

अंबिका : म्हणून तर म्हणते, हात चालव. आज येळवशी, वेळ अमावस्या; सगळं निलंगा रानात पूजेला न् जेवायला गेलंय. रस्त्यात शिडी लावायला असा दिवस पुन्हा वर्षानंच मिळणार. उद्या इथं ऑटोवाले उभे राहतील.

उमादेवी : अन् मी बाई येळवशीला घरी! लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा. रात्रभर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी शिजवली, आंबील घुसळली, डबे भरून दिले अन् म्हणलं, तुम्ही जा, मला काम हाय. मला काम हाय, म्हणलं! तोंड बघायचं हुतंस त्यांचं.

अंबिका : काय म्हणाले?

उमादेवी : चुना भिजवला. दुसरं काय? बरं, हे बघ, बाईच्या पदराची नक्षी झाली. एकेक ठिपका मोजून घे.

अंबिका : खाली उतर.

उमादेवी : का गं?

अंबिका : उतर तर. रस्ता ओलांड, त्या बंद टपरीपाशी उभी राहा, आणि मग बघ.

उमादेवी : अव्वा! नक्षी कुठं गेली? अन् बाईचा हात एवढुसा? आंबिलीचं वाडगं तर सुपारीएवढं दिसतंय!

अंबिका : रांगोळी आपण वाकून बघतो. ही भिंत लोक एसटीच्या खिडकीतून बघणार. मोठे आकार, जाड रेघ. थोडं रंगवलं की पलीकडं जाऊन बघत जा.

उमादेवी : मग आता? सगळं नासलं का? पुसू?

अंबिका : पुसायचं कशाला? वाळू दे, वरून रंगव. भिंतीवर चूक झाकता येते. तोवर खाली गुडघ्याएवढी गेरूची पट्टी मार. चिखल उडतो, लोक पान थुंकतात, गेरूत ते दिसत नाही.

उमादेवी : तुझे काका म्हणत हुते, थुंकू नये म्हणून देवाच्या फरशा बसवू.

अंबिका : देवाला काय राखणीला बसवायचं? तुझं चित्र चांगलं झालं तर कोण थुंकतंय बघू.

उमादेवी : हे घे वाडगं! आता कसं? परातीएवढं केलंय!

अंबिका : झकास! बरं, ही बाई कडब्याच्या कोपीसमोर निवांत बसलीय, आणि तिला वाढायला वाकलेला हा मिशीवाला... मावशी, हे काका की गं!

उमादेवी : गप. तूच म्हणलीस ना, जाड रेघ मार. मिशी आपोआप झाली.

अंबिका : आपोआप! अगं, गाडी आली बघ काकांची.

बसवंत : अंबिका, शिडी घे बाजूला. मला बघू दे.

अंबिका : काका, पलीकडून बघा. टपरीपाशी जाऊन.

बसवंत : हं... ही कोपी आपल्या रानातली. चिंचेखालची. व्हय ना?

उमादेवी : हाव.

बसवंत : अन् ही बसलेली?

उमादेवी : असंल कुणीतरी.

बसवंत : अन् ह्यो मिशीवाला? मी कव्हा वाढलं तुला येळवशीला?

उमादेवी : न्हाई वाढलं. म्हणून तर काढलं.

अंबिका : काका, लोकं हसतील म्हणता?

बसवंत : लोकांचं मरू दे. जेवली का ही?

अंबिका : सकाळपासून नुसता चहा.

(बसवंत गाडीतून डबा आणतो, शिडीच्या पायरीवर ठेवून झाकण उघडतो.)

उमादेवी : द्या इकडं. मी घेते वाढून.

बसवंत : तुझ्या हाताला रंग हाय. बस तू. बस म्हणलं ना! अन् अंबिका, त्यो पिंपातला चुना सकाळी दारातल्या लिंबाच्या बुंध्याला लावून टाक.