जास्तीचे दोन बोल्ट

बाळ आता बरं आहे, म्हणून हसत सांगते. कुणा साहेबानं मोडीत टाकलेली फटफटी आमच्या अंगणात आली, तेव्हापासून ह्यांना तिच्या हरवलेल्या दोन बोल्टांशिवाय दुसरं काही सुचेनासं झालं. चिपळुणापासून देवरुखापर्यंत एक लोहार सोडला नाही. शेवटी एका संध्याकाळी दोन बोल्ट घेऊन नाचतच घरी आले. कुठून आणले, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाळाला ताप चढला. त्याला पदराखाली घेऊन लाँचीनं डॉक्टरांकडे निघाले, तर भर खाडीत ती खडखडली आणि बंद पडली.

लाँच चालवणारा तांडेल इंजिनात डोकावून ओरडला, "तरी मी त्या फटफटीवाल्याला सांगत होतो! म्हणे, सहातले दोन बोल्ट जास्तीचे आहेत, इंग्रजांनी उगाच घातलेत. नेले काढून!"

"मेला शिकलेला दिसतोय," शेजारची म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "तू त्या फटफटीवाल्याच्याच वाडीतली ना गो? नाव काय त्याचं?"

मी मान खाली घातली. "मला नाही घेता येत ते नाव."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग म्हातारी खदाखदा हसली. "अगो बाय! मग उखाण्यात घे!"

तापलेलं पोर उराशी आणि चहूकडे पाणी. एरवी मी उखाणा पुटपुटते, त्या दिवशी दोन्ही काठांना ऐकू जाईल असा घेतला:

"भर खाडीत लाँच पडली अचानक बंद,
माधवरावांना लागलाय फटफटीचा छंद!"