कोपऱ्यातली बोटं

नगरहून नेवाशाला निघालेल्या एसटीत संग्रहालयाचा अवधूत चित्रांची यादी चाळत होता. पुढच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

"आई, उद्या संग्रहालयाचा टेम्पो येतोय. त्याआधी मामंजींच्या चित्रांवरचे डाग ओल्या फडक्यानं पुसून घेते."

"डाग न्हाईत गं, हळदीकुंकवाची बोटं हायेत. घरात नवी वस्तू आली की आपन लावतो का न्हाई?"

"शिलाई मशीनला लावतात, फ्रीजला लावतात. चित्राला कोण लावतं?"

"मी लावली. पयल्या चित्राला तर पार मधोमध!"

"अगं बाई! मामंजी चिडले नाहीत?"

"लई येळ बघत उभे हुते. नुस्ते रंग अन् रेघा, मला त्यातलं काय कळतंय? म्हनलं, आता वरडतील."

"मग?"

"म्हनले, जेवायला वाढ."

"एवढंच?"

"एवढंच. पर फुडच्या चित्रापासून खालचा कोपरा कोरा ठिवायला लागले. रंग वाळला की हाक मारायचे, 'झालं गं, ये.'"

"मग राहू दे का?"

"नगं, पूस. त्या मानसांनी चित्रं माघारी धाडली तर? जन्म गेला ह्यांचा त्यात."

अवधूतनं फोटो बघून बावीसही चित्रांपुढे लिहिलं होतं, 'डाग आहेत, साफ करणे.' त्यानं पेन काढून ते बावीस वेळा खोडलं. मग चित्रकाराच्या नावाशेजारी पेन टेकवून तो पुढे वाकला.

"मावशी, तुमचं नाव काय?"