मागचा डावा स्पीकर

– थांबा, थांबा, त्याला हात नका लावू, आधी माझं ऐका. स्पीकर बिघडलेला नाहीये. म्हणजे वाजत नाही हे खरं, पण बिघडलेला नाही. तार तुटलीय. उंदरानं कुरतडली. हो, उंदरानंच! आमच्या ह्यांनी फोनवर काय सांगितलं तुम्हाला? ‘मागचा डावा बंद पडलाय, आजच्या आज या’ – असंच ना? आजच्या आज! मागं गिझर बंद पडला होता, तर आठ दिवस पातेल्यात पाणी तापवत होते मी, तेव्हा नव्हती घाई. आता घाई का? तर मला वाटेल तार ह्यांनीच तोडली, म्हणून. मी तसं म्हटलेलं नाही हं. मी फक्त तारेकडे बघितलं आणि मग ह्यांच्याकडे बघितलं. एवढ्यानं माणूस घामाघूम. आता गेलेत रिमोटला सेल आणायला. येतीलच. तोवर बसा. अहो, सोफ्यावर बसा की, तो असा खोलीच्या मधोमध आहे म्हणून बिचकू नका, तो ह्या यंत्रापायी तिथे आलाय.

लेकीनं आणि जावयानं दिलं हे. ह्यांची निवृत्ती झाली ना, टपाल कचेरीत होते, तेव्हा. जावयानं टेपनं मोजमाप घेऊन सोफा भिंतीपासून ओढला, म्हणाला, आई, आता पाचही स्पीकर सारख्या अंतरावर. असतील बाबा! मला स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायचं तर वळसा घालून जावं लागतं, त्याचं अंतर कोणी मोजलं नाही. आणि ते रिमोटवरचे आवाजाचे मोड! तुमचं रोजचंच काम आहे, पण मी सांगते मला काय ऐकू येतं ते. ‘स्टेडियम’ लावलं की गाणारी विहिरीत पडलीय आणि वरून लोक ओरडतायत. ‘नाईट’ लावलं की तोंडावर पांघरूण घेऊन गातेय. ‘मूव्ही’ लावलं तर सगळं गाणं त्या मधल्या डबड्यातून, बातम्या सांगितल्यासारखं, नि बाकीचे चौघं नुसते शोभेला. एकदा ह्यांनी चुकून स्टेडियमवर हवामानाचा अंदाज लावला – ढगाळ राहील, ढगाळ राहील, ढगाळ राहील – मी वाळत घातलेले कपडे तीनदा आत आणले! हसताय काय?

आणि एक ‘हॉल’. तिथेच सगळं बिनसलं.

काय आहे, मी गायचे. तसं काही नाही, पण गायचे. सहा वर्षं बाईंकडे शिकले होते. ह्यांच्या कचेरीचं वार्षिक संमेलन असायचं, त्यात एका वर्षी मला तीन गाणी दिली होती. तीन! साहेबांच्या बायकोला एकच होतं. कचेरीतल्या एकानं मंचाच्या दोन्ही कडांना दोन माईक लावून सगळं कॅसेटवर घेतलं. पण मी दोन गायले नि निवेदकानं आभार मानून टाकले. ‘वेळ संपली गं,’ हे म्हणाले. ‘पुढच्या वर्षी.’ पुढच्या वर्षी म्हणाले, यंदा फक्त नाटुकलं. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, यंदा हॉलच मिळत नाही. मग लेकीची शाळा, सासूबाईंचं आजारपण – पेटीवर आधी खोळ चढली, मग इस्त्रीचे कपडे. तक्रार नाही हो, असंच होतं सगळ्यांचं.

तर ती कॅसेट जावयानं पेनड्राइव्हवर घेतली. लावली, हॉल मोडवर. तुम्हाला सांगते, अंगावर काटा आला! माझा आवाज समोर आणि टाळ्या पाठीमागून. जुन्या टेपवर सगळा नुसता गोपाळकाला ऐकू यायचा, इथे कोण कुठे बसलंय ते कळत होतं. जावई म्हणाला, हे यंत्र गाणाऱ्याचा आवाज मधे घेतं नि उरलेला गलका मागे टाकतं. टाकतं ना? मग जावयानं दुसरं गाणं पळवत थेट शेवटाशी आणलं, टाळ्या चालू, आणि ह्या मागच्या डाव्यातून – इथे, कानाशी – ह्यांचा आवाज! तरणा, घाईतला: ‘तिसरं नको. आभार मानून टाका. माझं ऐका, तिसरं नको.’

जावयानं रिमोट खाली ठेवला. हे म्हणाले, ‘चहा कोणाकोणाला?’

मग काय! वेळ संपली होती म्हणे. तीन आठवडे, अहो तीन आठवडे मी तो शेवटचाच तुकडा लावत होते. सकाळी हे पेपर उघडणार, की ‘तिसरं नको’. दुपारी आडवे होणार, की ‘तिसरं नको’. जेवताना तिसरी पोळी मागितली की मी काही बोलायचेच नाही, नुसता रिमोट दाबायचे. माणूस दोन पोळ्यांवर आला. विचारलं तर एकच – ‘वेळ नव्हता गं.’ मी म्हटलं, हेवा वाटला तुम्हाला. बायकोला टाळ्या पडल्या ते बघवलं नाही. सगळं सगळं बोलले, लेकीसमोर बोलले. बायकोचा गळा दाबलात म्हटलं. ह्यांनी चष्मा पुसला, नि पुसतच बसले.

काय म्हणता? तारेचं टोक? कसलं, दाखवा... सरळ कापलंय? उंदीर असा कापत नाही? बरं. नाही कापत. शिवणाच्या कात्रीनं कापलंय. मी. झालं समाधान?

परवाची गोष्ट. हे दाढी करायला गेले होते. मी शेवटचा तुकडा लावायला गेले नि भलतंच बटण दाबलं गेलं, दुसरं गाणं सुरुवातीपासून लागलं. म्हटलं असू दे, ऐकू तरी. आता माझं असं होतं की मी काळी पाचच्या उंच पट्टीखाली यायचे नाही. दोन दिवस घसा धरलेला, बाई म्हणाल्या होत्या काळी तीनला उतर, तर मी ऐकते कुठली! अंतऱ्यात वरचा सूर आला... आला कसला, फाटला. टर्रकन. आणि मागच्या डाव्यातून हसू. आधी एक बाई खुदकली, मग दोघंतिघं, मग कोणीतरी माझी नक्कल केली नि अख्खी रांग हसली. मला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं हो. दिवे डोळ्यांवर, तबला कानाशी, मी आपली रंगात. मला वाटलं, रंगतंय. आणि तिसरं गाणं तर त्याहून वरचं होतं.

म्हणजे ह्यांनी ते हसू ऐकलं, बाजूला उभं राहून. आणि इतकी वर्षं मला म्हणत आले, काय टाळ्या पडल्या होत्या गं. तीन आठवडे मी वाट्टेल ते बोलले, एका वाक्यात तोंड बंद करता आलं असतं माझं – ‘लोक हसत होते म्हणून.’ पण तेवढं काही म्हणाले नाहीत.

मी कात्री घेतली नि कचकन तार कापली.

राग? येतो ना, अजून येतो. सांगायला नको होतं का? सांगितलं असतं तर दोन दिवस रडले असते, मग काळी तीनला गायले असते. झाकून ठेवलं नि माझं गाणंच गेलं. पण... ह्या ‘पण’पाशी परवापासून अडलेय मी. कोणाला सांगू? लेकीला सांगितलं तर म्हणेल, आधी बाबांची माफी माग. म्हणून तुम्हाला सांगतेय, तुमचा काय संबंध! झाली जोडून? वाजतोय? हळू करा, हळू – जिन्यात पावलं वाजली. आले.

अहो, चपला मग काढा, आधी इकडे या. हो, झाला दुरुस्त. सेल राहू द्या. मला एक सांगा, त्या दिवशी माझा सूर गेला होता ना?... कुठल्या दिवशी म्हणून काय विचारता? लोक हसले होते ना? मी ऐकलं परवा. तार मी कापली... काय? कोणी हसलं नव्हतं? मग हे काय आहे? मोडमुळे? हॉल मोडला टाळ्या हसण्यासारख्या ऐकू येतात? असं कुठं असतं का हो! थांबा, हे जाणकार बसलेत, ह्यांनाच विचारते. काय हो, मोडमुळे टाळ्यांचं हसू होतं का? माझ्याकडे बघून सांगा. ह्यांच्याकडे काय बघताय? माझ्याकडे... होतं म्हणता?

तुम्हीसुद्धा!

निघा तुम्ही आता. दार ओढून घ्या.